एक्स-रेवाल्यांनो, महिन्यातून एकदा हात बघा

एकतीस वर्षं एक्स-रे काढले, त्यातली शेवटची नऊ ऑपरेशन थिएटरात सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर. निवृत्त झालो तरी एक सवय सुटली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दाढी आटोपली, की खिडकीच्या उजेडात दोन्ही हात उलटेपालटे करून बघायचे, कातडीच्या कॅन्सरची काही खूण तर नाही ना. नवी पोरं हसतात. हे त्यांच्यासाठीच.

आधी पेशंटची धास्ती. छातीचा एक फोटो म्हणजे ०.१ मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप), बऱ्याचदा त्याहून कमीच. माती, हवा, अन्न यांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजाच्या वाळूमुळं ते प्रमाण बरंच जास्त आहे, तरी तिथल्या पाहणीत त्यामुळं कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा ‘एका फोटोनं माझा त्वचेचा कॅन्सर पसरेल का?’ असं कुणी विचारलं, तर त्याला शांतपणे टेबलावर झोपवा.

आपलं गणित निराळं. आपल्याला डोस थेंबाथेंबानं मिळतो आणि पुन्हा पुन्हा त्याच बोटांना. १९०२ साली हॅम्बुर्गमध्ये एक्स-रे नळ्यांच्या कामगाराच्या हातावर कॅन्सर नोंदला गेला. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये गेला, त्याआधी त्याचे दोन्ही हात कापावे लागले होते. ते डोस आजच्या मानानं राक्षसी होते, पण हात किरणांत धरायची खोड अजून गेलेली नाही. रडणारं पोर धरायचं तर आईला शिशाचा ऍप्रन घाला आणि तिला धरू द्या. ती गरोदर नाही ना, हे आधी विचारा. शिशाचा हातमोजा घालून थेट किरणांत हात घालणं तर उलटंच पडतं. शिसं आड आलं, की सी-आर्म आपोआप डोस वाढवतो.

आता तपासणी. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आधी. नखांवर उभ्या रेघा, कोरडी, पातळ, चकाकणारी कातडी, खरखरीत चामखिळीसारखा उंचवटा, आणि मुख्य म्हणजे महिनाभरात न भरलेली जखम. नखाखाली काळी पट्टी रुंदावत असेल तर थांबू नका. आपल्या सावळ्या कातडीत मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, तळवा, तळपाय, नख इथंच जास्त सापडतो, आणि त्याचं कारण किरणच असतात असं नाही. संशयास्पद जागेशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा, पुढच्या महिन्यात तसाच दुसरा.

मग काखेत बोटं फिरवा. त्वचेच्या कॅन्सरचा बेसल सेल प्रकार जागच्या जागी कुरतडत बसतो, लांब सहसा जात नाही. स्क्वॅमस सेल हा दुसरा प्रकार मात्र हातावरून काखेतल्या गाठींत उतरू शकतो. या तिघांत मेलानोमा सगळ्यांत वेगानं पसरतो.

माझे एक सिनियर दातांच्या फोटोला पेशंटच्या तोंडात फिल्म स्वतःच्या बोटानं दाबून धरायचे. बोटावर उंचवटा आला तर चामखीळ समजून चुना-सोडा लावत राहिले, सात महिने. बायोप्सीत स्क्वॅमस निघाला. बोटाचं टोक गेलं, काख स्वच्छ होती. किरणांनीच झालं असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही. पण ते सात महिने चुन्यात गेले, त्याचा मला अजून राग येतो. त्वचेच्या डॉक्टरकडे गेलात की नोकरी काय करता हे पहिल्या वाक्यात सांगा.

टीएलडी बॅज, म्हणजे आपल्याला मिळालेला डोस मोजणारा बिल्ला, छातीवर, ऍप्रनच्या आत. खुंटीवर लटकलेला बॅज खुंटीचाच डोस मोजतो. आणि हातांसाठी वर्षाला ५०० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे खरी, पण छातीवरच्या बॅजला बोटांचं काय कळणार? सी-आर्मवर असाल तर मनगटाचा बॅज मागून घ्या.

माझ्या डाव्या मधल्या बोटावर एक खरखरीत ठिपका आहे. नाण्याशेजारचे चार फोटो झाले, वाढलेला नाही. तरी मंगळवारी दाखवायला जातोय.