बर्फाळ रस्त्यांचे अजब फॉरवर्ड कसे तपासायचे

डिसेंबर आला की आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर, इथे पंखा फुल स्पीडवर असतानाही, बर्फाचे फॉरवर्ड सुरू होतात. परवाचा होता: "अमेरिकेत रस्त्यावर बीटाचा रस ओततात, म्हणून तिकडचे रस्ते लाल दिसतात." असं काही आलं की लगेच खोटं म्हणू नका आणि पुढेही ढकलू नका.

आधी वाक्याचे तुकडे करा. इथे दोन दावे आहेत, रस आणि लाल रस्ते. पहिला बराचसा खरा आहे, पण ते बीट म्हणजे साखरेचं बीट, आपल्या कोशिंबिरीतलं नाही. त्यातली साखर काढल्यावर जे उरतं, आपल्याकडे उसाची मळी उरते तसं, ते रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मिठाच्या पाण्यात मिसळून फवारतात, म्हणजे मीठ रस्त्याला चिकटून राहतं. रंग तपकिरी. लाल रस्ते कोणीतरी मनानेच घातले.

मग विचारा की हे चालतं कसं? पॉट आईस्क्रीम आठवा, लाकडी बादलीत बर्फावर खडेमीठ का घालतात? मिठाचं पाणी शून्याच्या बरंच खाली जाईपर्यंत गोठत नाही म्हणून. घरी बघायचं तर एका वाटीत साधं पाणी घ्या, दुसरीत मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहा, दोन्ही रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी पहिली वाटी दगड झालेली असेल आणि दुसरीतलं पाणी बहुतेक हलवलं की डुचमळेल. रस्त्यावर मात्र साधं मीठ उणे ९ अंशांच्या आसपासच कमी पडायला लागतं, त्यामुळे "कितीही थंडीत चालतं" असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबा.

आणि क्रियापद नीट वाचा, मला वाटतं खरी गडबड इथेच होते. "अमेरिकेत रस्त्यावर लसूण-मीठ टाकतात" असं फिरतं. टाकतात नाही, टाकलं. २००८ मध्ये आयोवा राज्यातल्या अँकेनी गावाला एका मसाल्याच्या कारखान्याने वाया जाणारं लसूण-मीठ देऊन टाकलं, ते त्यांनी वापरलं. "रस्त्यावर चीज टाकतात" याचंही तसंच, अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहराने २०१३-१४ च्या हिवाळ्यात चीज नाही, चीज ज्यात बुडवून ठेवतात ते खारं पाणी वापरून बघितलं. गाव आणि साल मिळालं की शोधायला पाच मिनिटं लागतात, नुसतं "परदेशात" असेल तर कुठून सुरुवात करणार?

मनालीला जाणाऱ्यांनी तर हे कराच, कारण त्याच ग्रुपवर "गाडीच्या काचेवर बर्फ जमला तर उकळतं पाणी ओता" हेही आलं होतं. गार काचेवर उकळतं पाणी पडलं तर ती तडकू शकते. मी खालच्या मजल्यावरच्या काकांना ग्रुपवर न लिहिता फोनच केला, त्यांचा मुलगा शुक्रवारी निघणार होता.