पुण्यात नर्सरी आणि शाळा निवडताना: काय बघायचं, काय विचारायचं

पुण्यातल्या बऱ्याच खासगी शाळा पुढच्या वर्षाचे प्रवेश आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच सुरू करतात. त्यामुळे गणपती उठले की शोधाशोध सुरू करावी. फॉर्म आणायला धावण्याआधी मात्र एक ठरवा: तुम्ही तीन वर्षांच्या मुलासाठी बालवाडी शोधताय की दहावीपर्यंतची शाळा? या दोन निवडी वेगळ्या आहेत. दोन्ही एकाच फॉर्मवर उरकायला गेलं की घोळ होतो.

बालवाडी घराजवळच हवी. चालत किंवा गाडीवर पंधरा मिनिटांत पोचता आलं पाहिजे, कारण पहिल्या दोन महिन्यांत रडारड, ताप, उलटी यांपैकी कशासाठी तरी शाळेतून फोन येणारच. दहा वर्षांचं मूल पाऊण तास बसमध्ये बसू शकतं. वाकडच्या तीन वर्षांच्या मुलाला नाव मोठं म्हणून रोज कोथरूडला पाठवण्यात काही अर्थ नाही.

यावर पालक म्हणतात, "पण आत्ता नर्सरीला घातलं नाही तर पहिलीला जागा मिळणार नाही." ही भीती काही शाळांबाबत खरी असते, काहींबाबत नुसती पसरवलेली. ती आकड्यांनी तपासता येते. सीनियर केजीच्या आणि पहिलीच्या तुकड्या किती, आणि एका तुकडीत मुलं किती, एवढं विचारा. समजा सीनियर केजीत ३० च्या चार तुकड्या आहेत, म्हणजे १२० मुलं. आणि पहिलीत ४० च्या चार, म्हणजे १६०. वरवर ४० जागा नव्या दिसतात. पण त्या शाळेत आरटीईचा (शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांचा) प्रवेश पहिलीपासून होत असेल, तर १६० च्या २५ टक्के म्हणजे नेमक्या त्याच ४० जागा राखीव आहेत. तुमच्या वाट्याला फक्त सोडून गेलेल्या मुलांच्या जागा येतील. उलट, पहिलीत एखादी तुकडी वाढणार असेल तर तीन वर्षं जवळच्या बालवाडीत निवांत काढायला हरकत नाही. प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या व्यक्तीला हे आकडे माहीत नसतील तर मुख्याध्यापकांची वेळ मागा.

वय

महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरला मोजतात: नर्सरीला ३ पूर्ण, पहिलीला ६ पूर्ण. म्हणजे २० डिसेंबर २०२३ ला जन्मलेलं मूल जून २०२६ मध्ये नर्सरीला पात्र ठरतं, पण त्या दिवशी ते जेमतेम अडीच वर्षांचं असतं. त्याच वर्गातलं जानेवारीत जन्मलेलं मूल त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं. या वयात एक वर्ष म्हणजे फार झालं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या मुलांना एक वर्ष थांबवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं. वर्ष वाया जाईल म्हणून आजी-आजोबा हळहळतील, तरीही. बदलीची नोकरी असेल तर आणखी एक कारण आहे: केंद्रीय विद्यालयांत वय ३१ मार्चला मोजतात, त्यामुळे इथे साडेपाचव्या वर्षी पहिलीत बसलेलं मूल तिथे नियमात बसत नाही.

मान्यता

फाटकावरच्या 'इंटरनॅशनल' या शब्दाला किंमत शून्य. बऱ्याच शाळा ते नाव लावतात आणि शिकवतात राज्य मंडळाचंच. 'सीबीएसई पॅटर्न' हा त्याहून फसवा शब्द. त्याचा बहुधा अर्थ असा की पुस्तकं तशी वापरतात, संलग्नता (त्या बोर्डाची मान्यता) मिळालेली नाही. पाचवी-सहावीपर्यंत काही बिघडत नाही. पुढे संलग्नता आलीच नाही तर आठवीत मुलाला घेऊन दारोदार फिरावं लागतं.

तीन गोष्टी तपासा. पहिली, अकरा अंकी युडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक. महाराष्ट्रातल्या शाळेचा तो २७ ने सुरू होतो आणि युडायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेच्या माहितीशी ताडून पाहता येतो. दुसरी, आरटीई मान्यता प्रमाणपत्र: ते कितवीपर्यंतचं आहे, मुदत कधी संपते आणि पत्ता त्याच इमारतीचा आहे का. एकाच संस्थेच्या एका शाखेची मान्यता दाखवून दुसरी चालवण्याचे प्रकार होतात. तिसरी, सीबीएसई असेल तर शाळेच्या संकेतस्थळावरचं 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' हे पान. अग्निसुरक्षा, इमारत सुरक्षितता, पाणी-स्वच्छता यांची प्रमाणपत्रं आणि शिक्षकांची संख्या तिथे टाकणं मंडळाने बंधनकारक केलंय. प्रमाणपत्रांवरच्या तारखा वाचा. मुदत संपलेला कागद वर्षानुवर्षं तसाच असतो. शंका आली तर प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभाग जाहीर करतो.

नुसत्या बालवाड्या, म्हणजे बंगल्यातल्या किंवा सोसायटीच्या तळमजल्यावरच्या, या चौकटीत आजवर फारशा आलेल्याच नाहीत. तिथे तुमचे डोळे हीच तपासणी. साखळीतल्या मोठ्या नावाच्या बालवाडीतही दर्जा ठरतो तो केंद्र चालवणाऱ्या व्यक्तीवर. ती किती वर्षं चालवतेय आणि आत्ताच्या शिक्षिका किती वर्षं टिकल्यात, एवढं विचारलं की बरंच कळतं. दर जूनला नवीन ताई दिसत असेल तर पुढचं विचारायची गरज नाही.

बोर्डाची चर्चा तीन वर्षांच्या वयात उगाच होते. आईवडिलांची बदली होत असेल तर सीबीएसई सोयीचं. बाकी सहावी-सातवीपर्यंत बोर्डापेक्षा शिक्षक महत्त्वाचे. मराठी मात्र २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीचं आहे. आठवड्याला किती तास आणि कोण शिकवतं, हे विचाराच.

शाळा बघायला जाताना

ओपन हाऊसला गेलात तर फुगे आणि प्रोजेक्टर दिसतील. साधा कामाचा दिवस मागून घ्या, सकाळी दहाच्या सुमारास. वर्गात डोकी मोजा. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत खासगी प्ले स्कूलसाठी दर २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस सांगितली आहे. '१:१०' असं छापलेलं असेल तर विचारा, यात मावशी धरल्यात का, आणि त्या वर्गात असतात की तीन वर्गांत मिळून एक?

मग स्वच्छतागृह. भांडी मुलांच्या उंचीची आहेत का, आतली कडी मुलाच्या हाताला लागते का (लागायला नको), फरशी कोरडी आहे का, धुवायला कोण नेतं आणि त्या वेळी वर्गात कोण थांबतं. ज्या शाळा हा भाग दाखवायला टाळाटाळ करतात, त्यांचं बाकीचं दाखवणं फुकट.

सीनियर केजीच्या मुलांच्या वह्या बघायला मागा. पानंच्या पानं गिरवलेली अक्षरं आणि लाल पेनने केलेली दुरुस्ती दिसली, तर 'खेळातून शिक्षण' हे फक्त माहितीपत्रकात आहे. 'मॉन्टेसरी' (साहित्य हाताळत आपापल्या गतीने शिकायची पद्धत) अशी पाटी असेल तर तीन ते सहा वयाची मुलं एकाच वर्गात बसतात का ते बघा. वयानुसार वेगळे वर्ग, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तासिका आणि साहित्य काचेच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर मॉन्टेसरी त्या पाटीपुरतीच.

शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर पंधरा मिनिटं उभं राहणं हा सगळ्यात कामाचा भाग. मूल नेमकं कोणाच्या हाती देतात? ओळखपत्र बघतात, की "कोणाचा बाबू?" असं ओरडून सोडून देतात? रिक्षा, व्हॅन आणि दुचाक्यांच्या गर्दीत रस्त्यावर कोणी उभं असतं का? बाहेर थांबलेल्या पालकांशी तिथेच बोला. ग्रुपवर कोणी लिहीत नाही ते तिथे सांगतात.

सुरक्षेबाबत मोघम विचारू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यानंतर राज्याने सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी यांचे सक्त आदेश काढले. म्हणून असं विचारा: पडताळणी कंत्राटी शिपाई आणि बसवाल्यांचीही झाली का? चित्रीकरण किती दिवस साठवता? सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) पालक कोण आहेत?

बस

"साधारण अर्धा तास" हे उत्तर घेऊ नका. त्या मार्गावरचं पहिलं मूल किती वाजता चढतं आणि दुपारी शेवटचं किती वाजता उतरतं, ते विचारा. हिंजवडी किंवा खराडीच्या बाजूला सकाळचे वीस मिनिटांचे रस्ते संध्याकाळी तासाचे होतात. बसमध्ये महिला मदतनीस, संकटकालीन दार आणि अग्निशामक असायलाच हवं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. शाळेची प्रत्यक्ष वेळ काय, ते विचारून घ्या.

पैसे

माहितीपत्रकातली फी म्हणजे वर्षाचा खर्च नव्हे. नमुन्यादाखल हिशोब करून बघा: शिक्षण शुल्क ९०,०००, एकदाच भरायचं प्रवेश शुल्क २५,०००, अनामत १०,०००, बस ३०,०००, पुस्तकं-वह्यांचा संच ८,०००, गणवेश आणि बूट ६,०००, स्नेहसंमेलन-सहली ६,०००. पहिल्याच वर्षी १,७५,००० झाले. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत फी दुप्पट होते. पगाराकडे बघून मग ठरवा.

राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. म्हणून प्रश्न असा: "ही फी कोणत्या दोन वर्षांसाठी ठरली आहे?" उत्तर अडखळलं तर समिती कागदावरच आहे असं समजा. प्रवेशासाठी देणगी घेणं बेकायदा आहे. पावतीशिवाय रक्कम मागितली तर ती 'विकास निधी' म्हणा की आणखी काही, एकच गोष्ट आहे. पावतीवर शिक्षण शुल्क वेगळं दाखवून घ्या. आयकराच्या जुन्या प्रणालीत वजावट तेवढ्याच रकमेची मिळते.

मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करायलाही आरटीई कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे. 'इंटरॅक्शन' नावाने ती सर्रास चालते. बोलावलं तर जा, पण मुलाला रंग आणि फळांची नावं पाठ करून घेऊ नका. मूल अनोळखी खोलीत गप्प बसलं तर ते वयाला धरूनच आहे.

वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल, किंवा मूल वंचित गटात येत असेल, तर २५ टक्के जागांसाठी राज्याच्या आरटीई पोर्टलवर अर्ज भरा. सोडत निघते आणि घरापासूनचं अंतर महत्त्वाचं असतं, त्यामुळे नकाशावरचा घराचा बिंदू अचूक लावा. तो चुकला तर कागदपत्रांच्या पडताळणीत मिळालेली जागाही जाते.

फॉर्म भरताना

जन्मदाखला, मुलाचं आधार, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि लागू असेल तर जातीचा दाखला, या सगळ्यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते फॉर्मआधी तपासा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे मुलांच्या कायमच्या नोंदवहीत, जे चढतं तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं. जन्मस्थळ, तालुका, जात या रकान्यांतली चूक दहावीनंतर दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. फॉर्मही त्याच क्रमाने भरा.

पैसे भरण्याआधी प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळतात, कोणत्या तारखेपर्यंत आणि अनामत किती दिवसांत, हे ईमेलवर लिहून घ्या. दोन शाळांत जागा धरून ठेवणाऱ्यांचे पैसे बहुधा इथेच अडकतात. प्रवेश शुल्क परत मिळत नाही असं बऱ्याच फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि त्याखाली सही तुमचीच असते.