बुडालेला किनारा नकाशावर काढताना

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील आदिवासींनी तेव्हा वापरलेला किनारा आता पाण्याखाली आहे. तो नकाशावर काढण्यासाठी समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरातला साधा संगणकही पुरतो. सरावासाठी वायव्य ऑस्ट्रेलियातील मुरुजुगा, म्हणजे डॅम्पियर द्वीपसमूहाचा परिसर घ्यावा, कारण तेथे आपली रेषा प्रत्यक्ष पुराव्याशी ताडून पाहता येते.

समुद्रतळाच्या खोलीची जगभरची माहिती देणाऱ्या जेबको (GEBCO) या प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून दक्षिण अक्षांश १९ ते २१.५ आणि पूर्व रेखांश ११५ ते ११८ एवढा तुकडा जिओटिफ (स्थानाची नोंद असलेली चित्रफाइल) स्वरूपात उतरवून घ्यावा. दक्षिण अक्षांशांना उणे चिन्ह द्यावे लागते; मी ते विसरल्यामुळे माझ्या पहिल्या नकाशावर दक्षिण चीन समुद्र आला होता. मग क्यूजीआयएस (QGIS) या नकाशे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या रास्टर मेनूतील कंटूर, म्हणजे समान खोलीच्या रेषा काढणारे साधन २० मीटरच्या अंतराने चालवावे आणि उणे १२० (तेव्हाचा किनारा) व शून्य (आजचा किनारा) या रेषा ठळक कराव्यात. बॅरो बेट तेव्हा मुख्य भूमीला जोडलेले दिसेल. तेथील बूडी गुहेत सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीपासूनच्या वावराचे पुरावे आहेत, आणि चढत्या समुद्राने बेट तुटल्यावर, सुमारे ७,००० वर्षांपूर्वी, तो वावर थांबला.

रेषा मिळाली की काम संपले असे अनेकांना वाटते, पण माणसे रेषेवर राहत नाहीत, पाण्याजवळ राहतात. नागपूरजवळच्या जुनापाणीची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेल्यावर आपण आधी जवळचा नाला शोधतो, तसेच येथे बुडालेल्या ओढ्यांचे आणि झऱ्यांचे खोलगट भाग शोधावेत. मुरुजुगातील फ्लाइंग फोम पॅसेजमध्ये १४ मीटर खोलीवरच्या, एके काळी गोड्या पाण्याच्या असलेल्या झऱ्यापाशीच पाणबुड्यांना दगडी हत्यार मिळाले. केप ब्रुगियर्सजवळच्या उथळ पाण्यात २६९ दगडी वस्तू सापडल्या. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र जेबकोच्या माहितीतला खोली दाखवणारा एक चौकोन सुमारे ४५० मीटरचा असतो, त्यामुळे अरुंद खाडी किंवा झरा त्यात दिसणार नाही; संशोधकांनी त्यासाठी विमानातून लेझर मोजणी केली होती. नंतर साचलेल्या गाळाने तळही बदललेला असतो. म्हणून नकाशावर ‘अंदाजे’ असे लिहावे, आणि रेषेशेजारी वापरलेली पातळी व काळ नोंदवावा.