वृद्धाश्रमात संसर्ग खाटेवरून खाटेवर जाऊ नये म्हणून

वृद्धाश्रमात जंतू शिरतात ते बहुधा भेटायला आलेल्यांबरोबर, कर्मचाऱ्यांबरोबर किंवा इस्पितळातून परतलेल्या रहिवाशाबरोबर. हे शिरणे पूर्ण बंद करता येत नाही. आत आल्यावर मात्र त्यांना पुढच्या खाटेपर्यंत पोचवण्यात सेवा करणाऱ्यांच्या हातांचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि तिथे बरेच काही करता येते. जंतुनाशकाच्या फवारणीवर पैसे घालण्याआधी हातांकडे बघा.

हात आणि हातमोजे

हात स्वच्छ करण्याच्या वेळा पाच: रहिवाशाला स्पर्श करण्याआधी, जखम, कॅथेटर (लघवीची नळी) अशा कामाआधी, मल, मूत्र, रक्त, थुंकी हाताळल्यावर, रहिवाशापासून निघताना, आणि फक्त त्याच्या खाटेला किंवा टेबलाला हात लागला तरी. हात मळलेले दिसत नसतील तर ६० टक्के किंवा अधिक अल्कोहोलचे सॅनिटायझर तळहातभर घेऊन ते सुकेपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद चोळा. अंगठा आणि बोटांची टोके हमखास राहून जातात. हात मळले असतील किंवा कोणाला जुलाब होत असतील तर साबण आणि पाणीच वापरा. ओले करण्यापासून पुसण्यापर्यंत ४० ते ६० सेकंद लागतात. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूच्या बीजाणूंवर (कवचातल्या चिवट रूपावर) तर होतच नाही.

सॅनिटायझरची बाटली दाराशी ठेवली तर कामाच्या घाईत तिथवर कोणी जात नाही. ती खाटेजवळ, हात पोचेल अशी हवी. स्मृतिभ्रंश असलेले रहिवासी ते पिऊ शकतात, म्हणून त्यांच्या खोलीत बाटली न ठेवता कर्मचाऱ्याने छोटी बाटली खिशात बाळगावी.

हातमोज्यांनी नुकसानही होते, कारण ते घातले की माणूस निर्धास्त होतो. डायपर बदलला आणि त्याच मोज्यांनी उशी सरकवली, कठडा वर केला, पाण्याचा पेला दिला, असे सर्रास घडते. एकाच रहिवाशाचे काम चालू असले तरी घाणीचे काम संपताच मोजे काढा, हात स्वच्छ करा आणि मगच बाकीचे करा. मोज्यांवर सॅनिटायझर चोळून तेच पुढे वापरू नका.

लघवीची नळी

कॅथेटर जितके दिवस राहतो तितका धोका वाढतो. त्यामुळे ‘हा अजून का आहे?’ हे रोज विचारा आणि उत्तर नोंदवहीत लिहा. केवळ चादर ओली होते म्हणून घातलेला कॅथेटर काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. नळी ठेवावीच लागत असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकवा. चाकाच्या खुर्चीत बसवताना ती मांडीवर ठेवली जाते आणि लघवी उलटी वाहते. दोनतृतीयांश भरण्याआधी ती रिकामी करा. त्यासाठी प्रत्येकाचे भांडे वेगळे असावे आणि पिशवीची तोटी भांड्याला लागू नये. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण उघडू नका.

लघवी गढूळ झाली किंवा वास आला एवढ्यावरून तपासणीला पाठवू नका. म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडतात. कॅथेटर बरेच दिवस असेल तर जवळजवळ नेहमीच. मग अहवाल पाहून प्रतिजैविक सुरू होते आणि त्यातून दाद न देणारे जंतू व जुलाब मागे लागतात.

तोंड आणि छाती

न्यूमोनियाचे एक मोठे कारण तोंडात असते. दातांवर, कवळीवर साचलेले जंतू लाळेबरोबर किंवा ठसका लागून फुप्फुसात उतरतात. दिवसातून दोनदा दात, हिरड्या आणि जीभ साफ करा, दात एकही नसला तरी. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून, नाव लिहिलेल्या डबीत ठेवा. भरवताना सरळ बसवा आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नका.

आजार लवकर ओळखणे

वयस्कर माणसाला गंभीर संसर्गातही ताप येईलच असे नाही. १०० अंश फॅरनहाइट एकदा दिसला, ९९च्या वर वारंवार राहिला किंवा नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांनी वाढला, तर तो ताप धरा. यासाठी माणूस बरा असतानाचे तापमान आधी नोंदलेले हवे. अचानक गोंधळणे, जेवण टाकणे, पडणे, मिनिटाला २५ किंवा अधिक श्वास यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तीन दिवसांत दोघांना ताप-खोकला झाला तर ती साथ समजा: त्यांना वेगळे ठेवा, मास्क लावा, एकत्र जेवण थांबवा आणि फ्लूची तपासणी करून घ्या. फ्लूचे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत उपयोगी पडते.

उलट्या-जुलाब

हातमोजे, मास्क आणि एप्रन घालून आधी घाण कागदाने टिपून काढा, मग जंतुनाशक वापरा. घाणीवरच ओतलेले ब्लीच निकामी होते. ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजेच ब्लीच) १०० मिली आणि पाणी ९०० मिली, हे द्रावण १० मिनिटे ओले राहू द्या. रोज ताजे करा. अॅसिड किंवा संडास साफ करायच्या द्रवात ते मिसळू नका, विषारी वायू निघतो. पुसण्याची दिशा स्वच्छ भागाकडून घाणेरड्याकडे, आणि फडके खोलीगणिक नवे.

खरूज

एकट्यालाच मलम लावले की खरूज परत येऊ शकते. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर तो इतरांना देत असतो. म्हणून त्याच्या निकट संपर्कातल्या सर्वांवर, कर्मचाऱ्यांसह, एकाच दिवशी उपचार करा. डॉक्टरांच्या सल्ल्याने ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, ८ ते १४ तास ठेवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. वृद्धांमध्ये डोक्याची त्वचा आणि चेहराही घ्यावा लागू शकतो. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवा. धुता न येणाऱ्या वस्तू पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते, तेवढ्यावरून मलम पुन्हा पुन्हा लावू नका.

साखर तपासताना

सुई बदलली तरी बोटाला टोचायचे पेन दोघांत वापरू नका. त्यातून हिपॅटायटिस बी पसरतो. इन्सुलिनचे पेनही प्रत्येकाचे वेगळे. ग्लुकोमीटर शक्यतो स्वतंत्र, नाहीतर प्रत्येक वापरानंतर पुसायचा. दाढीचे पाते आणि नेलकटरही प्रत्येकाचे वेगळे.

कर्मचारी

फ्लूची लस दरवर्षी रहिवाशांबरोबर कर्मचाऱ्यांनाही द्या. म्हातारपणी लसीचा जोर कमी पडतो, म्हणून भोवतालच्यांनी घेतलेली लस कामी येते. रहिवाशांसाठी न्यूमोकोकलच्या (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरच्या) लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास कोणी कामावर येऊ नये, स्वयंपाकघरात तर नाहीच. या रजेचा पगार कापला जात असेल तर लोक आजार लपवून येतात, तेव्हा ती रजा पगारी ठेवा आणि बदली माणसाचे नाव आधीच फळ्यावर लिहून ठेवा.