विरघळते कुठे? ॲनिमेतले ‘देरे’ शब्द वापरताना या चुका टाळा

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघायला लागून महिना होत नाही तोच लोक पात्रांवर स्वभावाचे शिक्के मारायला लागतात. रागावली की त्सुनदेरे, गप्प बसली की कूदेरे, हातात सुरी दिसली की यानदेरे. हे ऐकून ऐकून मी थकले आहे.

सगळ्यात जास्त हाल त्सुनदेरेचे. ‘त्सुनत्सुन’ म्हणजे फणकारा, तुटक वागणं. ‘देरेदेरे’ म्हणजे प्रेमात विरघळून लाडात येणं. दोन्ही हवंच. आमच्या ॲनिमे बघणाऱ्यांतल्या एका मुलीने स्वतःची मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, काढायला घेतली. १६ पानं झाली. नायिका पहिल्या पानावर नायकाला दप्तर फेकून मारते, चौथ्यावर वाट्टेल ते बोलते, अकराव्यावर त्याचा डबा पालथा करते. “त्सुनदेरे आहे ना ती, ताई!” मी विचारलं, “अगं, पण ती विरघळते कुठे?” तिने पानं पुन्हा पुन्हा चाळली. एक चौकट सापडेना. मग शेवटचं पान नव्याने काढलं: पावसात नायिका आपली छत्री त्याच्या हातात कोंबते आणि मान फिरवते. दिसतो फक्त तिचा लाल झालेला कान. डब्याचं पान मात्र काढूनच टाकावं लागलं. तो फणकारा नव्हता, छळ होता.

मी बघताना वहीत दोन रकाने आखते, डावीकडे फणकारा, उजवीकडे विरघळणं. उजवा रिकामा राहिला तर तो शब्द वापरत नाही. छोट्या क्लिपा बघून हे कळत नाही, त्यांत फणकाराच तेवढा उचललेला असतो. १२ भाग बघायचा धीर नसेल तर शिक्काही मारू नका. ‘इव्हँगेलियन’ ही मालिका १९९५ची, तिच्यातल्या आसुकाला हा शब्द मागाहून चिकटला, कारण तो २०००नंतर जपानी इंटरनेटवर रुजला.

यानदेरेतला ‘यान’ आजारपणाचा आहे, ‘यामु’ या क्रियापदातला. प्रेमापायी मन आजारी पडलेलं. ‘मिराई निक्की’ या मालिकेतल्या युनोची डायरी दर १० मिनिटांनी तिचा लाडका युकितेरू काय करतोय ते नोंदवते; भीती तिथे वाटते, कुऱ्हाड नंतर येते. प्रेमाविना नुसती हिंसा असेल तर शब्द वेगळा, यानगिरे.

कूदेरे थंड असते, दानदेरे बुजरी. दोघी गप्प, पण कारणं वेगळी.

मुलगेही त्सुनदेरे असतात.

आणि ‘सुंदेरे’ म्हणू नका. आपल्या ‘चुना’तला च लावा, उच्चार बरोबर येतो.