हॉलीहॉक: बी थेट वाफ्यात, तेही ऑक्टोबर संपायच्या आत

भेंडी, अंबाडी, जास्वंद यांच्याच कुळातलं हे झाड. थंड मुलखात दोन-तीन वर्षं टिकतं. पुणे-नाशिककडे मात्र त्याला हिवाळी हंगामी फूलझाडच समजायचं. बी घेताना ‘पहिल्याच वर्षी फुलणारी’ जात मागा. नाहीतर नुसती पानं वाढतात आणि मे महिना झाड संपवतो.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत पेरणी उरकावी. उशीर झाला की झाड अंग धरायच्या आत ऊन तापतं, मग पाच-सहा फुटांचा दांडा कमरेशीच थांबतो. जागा किमान सहा तास उन्हाची हवी. वाफ्यात ही रांग उत्तरेला ठेवा: हिवाळ्यात सावली उत्तरेकडे पडते, त्यामुळे पुढचे झेंडू, पिटुनिया झाकले जात नाहीत.

माती दीड फूट खोल खणा. एवढं कशाला, तर याचं सोटमूळ सरळ खाली जातं. दर चौरस मीटरला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. काळ्या चिकट मातीत वाळूही घाला. पाणी साचलं तर बुंधा कुजतो. दीड-दोन फुटांवर तीन-तीन बिया टाका, वर जेमतेम एक सेंटिमीटर माती. दोन आठवड्यांत उगवण होते, मग जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर शेजारचं मूळ दुखावतं. ट्रेमध्ये रोपं करायचीच असतील तर चार पानांवर असतानाच हलवा. रोपवाटिकेतली फूटभर वाढलेली रोपं आम्ही तरी घेणार नाही, पिशवीत त्यांचं मूळ आधीच वळलेलं असतं.

रोप गुडघ्याएवढं झालं की सहा फुटी बांबू रोवा आणि सुतळीने आठच्या आकारात सैल बांधा. युरिया टाळा. नत्र जास्त झालं की दांडा पोकळ-लुसलुशीत होऊन वाऱ्याला आडवा होतो.

खरा शत्रू तांबेरा, हा बुरशीचा रोग. पानांखाली नारिंगी-तपकिरी पुळ्या दिसल्या की ती पानं तोडून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. पाणी सकाळी, बुंध्याशी द्या. झारीने पानं भिजवलीत की रोग पसरलाच. खालची पाच-सहा पानं काढून हवा खेळती ठेवा. मावा किंवा पिठ्या ढेकूण आल्यास लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि थोडं साबणपाणी घालून संध्याकाळी फवारा.

फुलं खालून वर उमलत जातात. खालची बोंडं तपकिरी, कोरडी झाली की चकत्यांसारखं बी काढा. रंग मात्र तेच येतील असं नाही, मधमाश्या ते एकमेकांत मिसळून टाकतात.