केल्ट-११बी ग्रहाचं अधिक्रमण कसं टिपाल?

केल्ट-११बी हा सूर्यमालेबाहेरचा ग्रह. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो (अधिक्रमण), तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. त्याचा तारा षडंश तारकासमूहातला, उपराक्षसी (गाभ्यातला हायड्रोजन संपून फुगू लागलेला), तेजाने साधारण ८ प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. ग्रह गुरूच्या १.३७ पट रुंद, पण तारा सूर्याच्या २.७ पट, म्हणून प्रकाश जेमतेम ०.२७ टक्के घटतो. फोकस मुद्दाम थोडा बिघडवा, म्हणजे प्रकाश अनेक पिक्सेलवर पसरेल आणि सेन्सर संपृक्त होणार नाही (पिक्सेल प्रकाशाने भरून जाणार नाहीत). तुलनेचा तारा तेवढ्याच तेजाचा, जवळपास त्याच रंगाचा घ्या. रंग वेगळा असला की तारे क्षितिजाकडे कलताना आलेखात खोटा उतार येतो. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचं छायाचित्र, ज्याने पिक्सेलमधला असमानपणा दुरुस्त होतो) आणि अचूक गायडिंग (तारा त्याच पिक्सेलवर राहील असा दुर्बिणीचा पाठलाग) टाळू नका.

खरी अडचण वेळेची. अधिक्रमण सात तासांहून लांबतं. आधी-नंतरचा एकेक तास धरला तर एका रात्रीत ते क्वचितच बसतं. कक्षाकाळ (ताऱ्याभोवतीच्या एका फेरीचा वेळ) ४.७४ दिवस, म्हणून एका अधिक्रमणाची सुरुवात, पुढे कधीतरी दुसऱ्याचा शेवट टिपून जोडा.